जिथे घडी पडायची

घडी पहिल्याच ओळीवर पडली.

नलिनीताई ठवकरांनी माझी कॉपी हातात घेतली, चष्मा नाकावर सरकवला, एक ओळ वाचली आणि तिच्याखाली अंगठ्याचं नख दाबून कागदाला घडी घातली. मग तो टेबलावरून माझ्याकडे ढकलला आणि शेंगदाण्यांच्या पुडीत हात घातला.

"ताई, पुढे वाचलंच नाही तुम्ही."

"नाही वाचलं," त्या म्हणाल्या. "तो अध्यक्ष चष्मा लावतो का ग?"

"कोण अध्यक्ष?"

"तुझ्या त्या मच्छीमार संस्थेचा. बकाराम मारबते."

"लावतात. काडीला दोरा बांधलेला आहे. का?"

"सहज विचारलं. जा आता."

बाहेर आमचा छायाचित्रकार इम्रान कॅमेऱ्याचं भिंग पुसत बसला होता. माझ्या हातातला कागद बघून त्याने भुवई उडवली.

"कुठवर पोचली?"

"पहिली ओळ."

"प्रगती आहे. मागच्या हप्त्यात मथळ्यावरच पडली होती."

'वैनतीर' हे भंडाऱ्याहून निघणारं लहानसं दैनिक. नलिनीताई त्याच्या संपादक. नव्या वार्ताहराची कॉपी छापील कागदावरच आपल्यापुढे यावी, असा त्यांचा नियम होता. लाल पेन त्या चालवत नसत, चूक दाखवत नसत. जिथे त्यांचं वाचन थांबे तिथे घडी पडे, एवढंच. का थांबलं ते आपण शोधायचं. उमेदवारीच्या काळात एखादी महत्त्वाची बातमी घडी न पडता परत आली, तर नोकरी पक्की. नाही आली, तर ताई स्वतःच्या हाताने चहा करून पाजत आणि निरोप देत. तो चहा फार चांगला असतो, असं इम्रान सांगायचा.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तिथे आले होते. प्रयोगशाळेत मला ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत असेच प्रश्न सोडवायला मिळत. मला दुसरे प्रश्न हवे होते. माझी उमेदवारी त्या महिन्याअखेर संपणार होती आणि चहा मला प्यायचा नव्हता.

त्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी आणि इम्रान त्याच्या मोटारसायकलवर चांदणटोल्याला गेलो होतो. भाद्रपद चालू होता. कितीतरी दिवसांत ऊन पडलं नव्हतं, पाऊसही नव्हता, हवा नुसती कोंदली होती. गावच्या तलावाच्या काठाने पांढरी किनार दिसत होती. जवळ गेल्यावर कळलं, ते मासे होते. रोहू, कटला, हाताएवढे, काही मांडीएवढे, पोट वर करून. गावातली निम्मी घरं त्या तलावावर जगत. मासेमारीची संस्था होती, आणि त्याच संस्थेकडून एका कोपऱ्याचा ठेका घेऊन सत्यभामाबाई वलथरे शिंगाडा लावत.

सत्यभामाबाई तलावाच्या पाळीवर, बांधावर, एकट्या उभ्या होत्या. बाकी सगळे दुसऱ्या बाजूला.

"काल सांजंले पंप पाठीवर घेऊन फवारत होती," एकजण म्हणाला. "साऱ्या गावानं पायलं."

"निंबोळीचं पानी होतं ते!" त्या ओरडल्या. "भुंगा पडला शिंगाड्यावर, म्हनून मारलं. मांगच्या सालीबी मारलं होतं. तवा मेले का मासे?"

"मांगच्या सालीचं मांगच्या साली. आता मेले नं?"

अध्यक्ष बकाराम मारबते घाटाच्या पायरीवर उकिडवे बसले होते. पन्नाशीचे, काळे, हाडापेराने दणकट. त्यांच्या टोपलीत काही जिवंत मासे तडफडत होते. ते कोणाकडेच पाहत नव्हते. शेवटी एवढंच म्हणाले, "इतवारी सभा घेऊ. ठेका रद्द, संस्थेतून नाव कमी, आन् पोलिसात अर्ज. मंग जे होईन ते होईन."

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाशी धरला. नवरा गेल्यापासून त्यांचं घर त्या कोपऱ्यावर चालत होतं, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी पाण्याकडे बघत होते. पाणी गर्द हिरवं होतं, आणि कोपऱ्याबाहेरही शिंगाडा आणि जलपर्णी दाटली होती. ढगाळ हवा, दाट वनस्पती, रात्रीतून मेलेले मासे. तिथेच मला कळलं, हे विष नाही. पाण्यातला प्राणवायू संपलाय.

माझ्या कॉपीची पहिली ओळ होती: 'चांदणटोला येथील तलावात वनस्पतींच्या रात्रकालीन श्वसनामुळे पाण्यातील विद्राव्य ऑक्सिजनची पातळी घसरून मत्स्यहानी झाल्याची दाट शक्यता आहे.'

मला ती ओळ सुंदर वाटली होती.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्यात विकल्या जाणाऱ्या एका पेपरात मोठा मथळा होता: 'तलावात विषप्रयोग, महिलेवर संशय'. आमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी: मासे मेले, कारण समजलेलं नाही, संस्थेची रविवारी सभा आहे. त्या ओळी ताईंनीच लिहिल्या होत्या.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले.

"कारण समजलेलं नाही असं कसं छापलं, ताई? मी सांगितलं होतं ना कारण."

"मला सांगितलंस. मला समजलं. आणखी कोणाला समजलंय?"

"तिकडे त्या बाईचा ठेका जातोय. तिला पोलिसांत देतायत."

"म्हणूनच विचारते."

मी जाऊन पुन्हा लिहायला बसले. या वेळी रसायनशास्त्र शेवटी ठेवलं आणि बाईंना पुढे आणलं. रागाला वाक्यं लवकर सुचतात. एका विधवेवर गाव कसं उलटलंय, वैज्ञानिक कारण समोर असताना संस्थेचे पदाधिकारी कसे 'अज्ञानापोटी' निष्पाप बाईचा बळी घ्यायला निघालेत, सगळं लिहिलं. इम्रानने खांद्यावरून वाचलं आणि शीळ घातली.

"काय लिहिलंय, माय! मीच मोर्चा काढतो आता."

ताईंनी या वेळी बरंच वाचलं. मी बघत होते. नजर अर्ध्या पानापर्यंत आली, आणि अंगठा कागदावर टेकला. घडी.

मी घडी उलगडून बघितली. 'अज्ञानापोटी' या शब्दाखाली पडली होती.

"बस," ताई म्हणाल्या. त्यांनी मला खुर्ची दाखवली, ही नवलाची गोष्ट होती. "हे सगळं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला माहीत आहे. माझा विषयच आहे तो."

"ती डिग्री घरी भिंतीवर लाव, छान दिसेल. बातमीत तू कोण?"

मी कागदावरची घडी नखाने सपाट करू लागले.

"बातमीत तू कोणी नाहीस, मृणाल. तू पाहिलं ते लिही, ऐकलं ते लिही. तुला माहीत असेल, तर ते दुसऱ्या कोणाला दिसेल असं काहीतरी कर. बकाराम काय म्हणतो?"

"ते काय म्हणणार? ते तिच्या विरुद्ध आहेत."

"मी विचारलं, काय म्हणतो."

"विचारलं नाही."

"काल गेलीस, तो तुझ्यापासून चार पावलांवर बसला होता म्हणतेस. विचारलं का नाही?"

"कारण मला उत्तर माहीत होतं, ताई."

नलिनीताईंनी एक शेंगदाणा सोलला, टरफल नीट पुडीत टाकलं. "कॉलेजात तुमच्याकडे काहीतरी म्हणतात ना, की अमुक दिसलं तर माझं म्हणणं मी सोडून देईन?"

"हो. तसं आधीच सांगता आलं पाहिजे. नाहीतर त्या म्हणण्याला अर्थ नसतो."

"मग जा आणि त्याला तेवढंच विचार. काय दिसलं तर तो मानेल." त्या उठल्या. "आणि तो पेपर कधी वाचतो तेही बघ. चहाआधी की नंतर."

हा दुसरा प्रश्न मला कळला नाही. पहिला असा कळला, की लाज वाटली. तो मलाच सुचायला हवा होता.

शुक्रवारी बकारामभाऊ घराच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. जवळच आदल्या दिवशीचा तो दुसरा पेपर पडला होता, चहाच्या कपाचा गोल डाग मथळ्यावर. म्हणजे चहाबरोबर. मी मनात नोंद केली.

"तू त्या पेपरवाली नं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "चार ओळीची?"

"हो, भाऊ."

"चार ओळी लिहायले मोटरसायकलवर येऊन राहली का? इम्रान, पेट्रोल फुकट भेटते का रे तुले?"

"नाही जी," इम्रान म्हणाला. "म्हणून तर पाचवी ओळ घ्यायला आलो."

बकारामभाऊंच्या मिशीत काहीतरी हललं. मी खाली बसले.

"भाऊ, मी तुम्हाला सांगायला नाही, विचारायला आले. सत्यभामाबाईंनी विष टाकलं नाही, हे तुम्हाला काय दिसलं तर पटेल?"

सुई थांबली.

"कोनी सांगून पटत नाही मले. तू नाही, पेपर नाही. सायेब आला तं त्याचंही नाही पटत, सायेब कालवा बांधताना बी आलते." त्यांनी जाळ्याची गाठ दातांनी ओढली. "ते बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, म्या सोडली होती, बाई. माह्या हातानं. पोरीवानी जपलं. बुधवारी पायलं तं, थोरली पहिले मेली. थोरली! का बरं?"

माझा हात आपोआप पेनाकडे गेला. थोरले मासे आधी. त्यांना प्राणवायू जास्त लागतो.

"आणि तुमच्या टोपलीत जिवंत कोणते होते, भाऊ?"

"मागूर. मरळ. त्याईले काहीच झालं नाही."

त्या दोन्ही जाती तोंड वर काढून हवा घेतात. हे सांगण्यासाठी माझी जीभ वळवळत होती. बातमीत तू कोणी नाहीस. मी जीभ आवरली.

"तुम्ही विचारलंत का बरं," मी म्हणाले. "ते पाण्यालाच विचारू या का? तुम्ही बाटल्या भरायच्या. कुठून भरायच्या, तुम्ही ठरवायचं. माझ्या कॉलेजचे लांजेवार सर त्यात औषध टाकतील. पाण्यात प्राणवायू असेल तर पाण्याचा रंग तपकिरी होतो. नसेल तर पांढरा राहतो. तुमच्या डोळ्यांपुढे."

"आन् ईख असन तं?"

"विष असलं तर या बाटलीत कळणार नाही. ते खोटं नाही सांगणार तुम्हाला. प्राणवायू आहे की नाही, एवढंच कळेल."

बकारामभाऊंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्या 'कळणार नाही'मुळेच.

"कवा?"

"उद्या पहाटे, उजाडायच्या आत. तेव्हा सर्वांत कमी असतो."

"तिचा कोपरा आन् माहा घाट, दोन्हीकडचं भरीन मी," ते म्हणाले. "फवारा तिकडं होता. फवाऱ्यानं बिघडलं असन तं तिकडचं बिघडन, इकडचं नाही. बरोबर?"

एम.एस्सी.ला मी दोन सत्रं प्रयोगाची आखणी शिकले होते. "बरोबर," मी म्हणाले.

लांजेवार सर आधी कुरकुरले. "मृणाल, पहाटे? मला गुडघे आहेत ग." मग स्वतःच म्हणाले, "पेटी मी आणीन. तुझ्या हातात ॲसिड देणार नाही, तू एकदा माझा शर्ट जाळला आहेस."

शनिवारी पहाटे तलावावर धुकं नव्हतं, फक्त राखाडी उजेड. बातमी गावभर झाली होती. पाळीवर माणसं, बाया, पोरंटोरं. सत्यभामाबाई आल्या होत्या, पण वेगळ्याच उभ्या. पाण्यात काही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत होते.

बकारामभाऊ डोंग्यातून, आपल्या छोट्या होडीतून, गेले. शिंगाड्याच्या कोपऱ्यात हात खांद्यापर्यंत बुडवून त्यांनी एक बाटली भरली आणि सरांनी शिकवलं होतं तसं आतच बूच लावलं. मग परत घाटाशी येऊन दुसरी. सरांनी दोन्ही बाटल्या पायरीवर ठेवल्या, हातमोजे घातले, आणि पिपेटने एकामागून एक दोन औषधं सोडली. बुचं लावून बाटल्या उलट्यापालट्या केल्या.

पाणी गढुळलं. मग त्यात भाताच्या पेजेसारखा पांढरा साका खाली बसू लागला. कोपऱ्यातल्या बाटलीत पांढरा. घाटावरच्या बाटलीत पांढरा.

"दोनी सारखेच," कोणीतरी म्हणालं.

"पांढरंच होत असन ते औषध," दुसरा म्हणाला. "कोन्या बी पान्याचं पांढरं. मदाऱ्याची जादू."

लोक हसले. सर माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलणार, तेवढ्यात बकारामभाऊ उठले. घाटावरून त्यांनी बादलीभर पाणी घेतलं, ते दुसऱ्या बादलीत उंचावरून ओतलं. परत या बादलीतून त्या बादलीत. दूध गार करतात तसं, धार लांब ओढून. हात भरून येईस्तोवर. मग त्यातून तिसरी बाटली भरली आणि सरांपुढे ठेवली.

"हेच पानी. टाका आता."

सरांनी तेच थेंब टाकले. बाटली हलवली.

साका तपकिरी झाला. आधी फिका, मग कडक चहासारखा.

घाटावरून एक लांब 'हाऽऽ' उठला. पोरं पुढे घुसली. बकारामभाऊंनी तीनही बाटल्या हातात धरून उजेडाकडे केल्या, पांढरी, पांढरी, तपकिरी, आणि बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे श्वासच नव्हता पान्यात," ते म्हणाले. "पुऱ्या तलावात."

"पहाटे नाहीये, एवढं मी आज सांगू शकतो," लांजेवार सर म्हणाले. "बुधवारचं पाणी माझ्याकडे नाही. पण कीटकनाशक असतं, तर पाण्यावर धावणारे किडे आणि बेडूक आधी मेले असते."

इम्रान पुढे आला. बुधवारी सकाळी काढलेला एक फोटो त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून धरला. मेलेल्या कटल्याच्या शेजारीच पाण्यावर चार-पाच किडे लांब पायांवर उभे होते आणि एक बेडूक डोळे वर काढून बसला होता. ते फोटोत आलेत हे त्यालाही आदल्या दिवशी, मी विचारल्यावर कळलं होतं.

मी सगळं लिहून घेत होते. त्या सकाळभर मी एकही वाक्य कोणाला समजावून सांगितलं नाही. आयुष्यात इतकी गप्प मी कधी राहिले नव्हते, आणि इतकी खूषही.

दुपारी कॉपी लिहिली. पहिली ओळ होती: 'चांदणटोल्याच्या तलावातील पाण्याच्या तीन बाटल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष बकाराम मारबते यांनी शनिवारी पहाटे स्वतःच्या हाताने भरल्या.' पुढे रंग. मग सर काय म्हणाले, आणि काय सांगता येत नाही म्हणाले. मग फोटोतले किडे. मागूर, मरळ. सत्यभामाबाईंचं म्हणणं, त्यांच्याच शब्दांत. जलपर्णी किती दाटली आहे ते.

ताईंनी कागद घेतला. पण वाचायच्या आधी विचारलं, "चहाआधी की नंतर?"

"चहाबरोबर. कप पेपरवरच ठेवतात."

"हं." त्यांनी चष्मा सरकवला.

मी त्यांचा अंगठा बघत होते. पहिली ओळ गेली. पहिला परिच्छेद गेला. 'अज्ञानापोटी' जिथे होतं, त्या जागी आता बादल्या होत्या. तिथूनही नजर पुढे गेली. दाराशी इम्रान उभा होता, त्याच्यामागे आणखी दोघं. ताईंनी पान उलटलं. मी त्यांना पान उलटताना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटाशी त्या थांबल्या. अंगठा टेकला. पण त्यांनी पेन्सिल उचलली आणि शेवटचं वाक्य खोडलं. 'यामुळे सत्यभामाबाई वलथरे निर्दोष असल्याचे सिद्ध झाले आहे.'

"हे ठरवायला उद्या सभा आहे. ते काम त्यांचं. त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस." मग कागद तसाच सपाट, माझ्या हातात दिला.

"घडी नाही?" मला खरंच वाटेना.

"ताई, फोटो काढू का कागदाचा?" इम्रान दारातून म्हणाला.

"तुझी छबी काढीन, कामाला लाग." त्या माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटलं, मी माझ्यासाठी वाचते? मला तर तुझी पहिली कॉपीही समजली होती. चांगली होती. पण मी ती बकाराम होऊन वाचली. पोरीसारखे जपलेले मासे मेलेत, समोर चहा आहे, चष्म्याला दोरा आहे, आणि कोणीतरी 'विद्राव्य' म्हणतंय. ठेवला त्याने पेपर खाली. दुसऱ्या वेळी तू त्याला अडाणी म्हणालीस. तिथे तर त्याने भिरकावला. ज्याला ती बातमी पटायला सर्वांत जड जाणार आहे, तो जिथे वाचणं सोडेल, तिथे मी घडी घालते."

"आणि मागच्या आठवड्यातली रक्तदान शिबिराची? ती तर मथळ्यावरच..."

"तिथे चक्कर येऊन पडलेल्या मुलाच्या आईने वाचली. मथळ्यात 'उत्साहात' लिहिलं होतंस."

मी सपाट कागद हातात धरून उभी होते.

"मग आता पक्की ना मी?" शेवटी विचारलंच.

"मी कोण पक्की करणारी? मी बकाराम झाले होते, बकाराम नव्हे. उद्या सभेला जा. खरा वाचतो का, बघ."

रविवारी सभा समाजमंदिरात होती. संस्थेचे सगळे सभासद सतरंजीवर, बाया दारापाशी, सत्यभामाबाई खांबाला टेकून. मी आणि इम्रान मागे भिंतीशी. पहिल्या पानावर आमची बातमी होती, तीन बाटल्यांचा फोटो तीन रकाने रुंद. पेपर बकारामभाऊंच्या मांडीवर होता, त्यावर कपाचा डाग.

"सभेत अनेकाईले वाचता येत नाही," ते म्हणाले, "म्हनून मी वाचतो." त्यांनी चष्मा लावला, दोरा कानामागे घेतला.

पहिली ओळ वाचली. आपलं नाव वाचताना त्यांचा आवाज जरा बसला. पुढे गेले. बाटल्या, रंग. सभेत कोणी खाकरलं, कोणी 'हाव, पायलं' म्हणालं. ते वाचत राहिले. 'दोन्ही बाटल्यांतील पाणी सारखेच पांढरे राहिले. त्यापैकी एक घाटावरचे, म्हणजे जिथे फवारणी झाली नव्हती तिथले होते.' इथे ते थांबले.

त्यांनी पेपर थोडा खाली घेतला.

बकारामभाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. पेपर वर आला. आणि ते वाचू लागले, सर काय म्हणाले ते, सरांना काय सांगता येत नाही ते, किडे, बेडूक, मागूर, मरळ. सत्यभामाबाईंचे शब्द त्यांनी सत्यभामाबाईंच्या ठसक्यात वाचले: "मांगच्या सालीबी मारलं होतं. तवा मेले का मासे?" दारातल्या बाया फिसकन हसल्या. शेवटच्या ओळीपर्यंत ते गेले, आणि पुढे काही आहे का ते पाहायला पान उलटलं. पुढे काही नव्हतं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"एवढंच लिहिलं तिनं," बकारामभाऊ म्हणाले. "बाकी आपल्यावर सोडलं." ते उठले, सतरंजी ओलांडून खांबाजवळ गेले. "सत्यभामाबाई, ठराव मांडला होता तो मी वापस घेतो. चूक झाली माही. मासे मेले, मले कोनीतरी पायजेच होतं."

सत्यभामाबाईंनी खांबाचा टेका सोडला. मग कमरेला खोचलेल्या पिशवीत हात घातला आणि एक मोठा, हिरवा, शिंगं असलेला शिंगाडा काढून त्यांच्या अंगावर फेकला.

"खाय! फवारलेला होय. साऱ्याईच्या समोर खाय."

बकारामभाऊंनी तो दातांनी फोडला. काटा ओठाला लागला, तरी पांढरा गर चावत राहिले, आणि तोंडभर म्हणाले, "गोड आहे." सगळं समाजमंदिर हसलं. सत्यभामाबाईही हसल्या, हसता हसता रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "दुसरा मागशीन तं भेटनार नाही."

त्याच सभेत ठरलं की तलावाच्या मधून जलपर्णी काढून मोकळी वाट ठेवायची आणि शिंगाडा किती पसरू द्यायचा ते संस्थेने आणि सत्यभामाबाईंनी मिळून ठरवायचं. टाळ्या पडल्या. इम्रान फोटो काढत होता, मी लिहीत होते. सभा उठताना बकारामभाऊंनी पेपरची व्यवस्थित घडी घातली आणि तो सत्यभामाबाईंच्या हातात दिला. "ठेव तुह्यापाशी. पोराईले दाखवजो."

मी बाहेर पायरीवर येऊन ताईंना फोन लावला.

"वाचला?" त्यांनी पहिला प्रश्न केला.

"पूर्ण वाचला, ताई. मोठ्याने. मध्ये एकदा थांबले, चष्मा पुसला, पण ठेवला नाही."

"घडी कुठे घातली?"

"सगळं वाचून झाल्यावर. पेपर सत्यभामाबाईंना देताना."

पलीकडून टरफल फुटल्याचा आवाज आला.

"मृणाल," त्या म्हणाल्या, "पक्की. चहा मिळणार नाही."

"नकोच आहे, ताई!" मी इतक्या मोठ्याने ओरडले, की समाजमंदिरातून दोन बाया डोकावल्या.

"ओरडू नकोस. सभेची बातमी संध्याकाळपर्यंत हवी. आणि ती कोण वाचणार ते सांग मला."

मी तलावाकडे पाहिलं. बकारामभाऊ डोंगा सोडत होते. ज्यांनी बुधवारी पहिल्यांदा 'साऱ्या गावानं पायलं' म्हटलं होतं, ते गृहस्थ मात्र सभेला आलेच नव्हते. लांब पाळीवर पाठ करून बसले होते.

"कळलं कोण ते," मी म्हणाले. "आत्ता जाऊन विचारते त्यांना."